आंबे सडले नव्हते

आमच्या कुटुंबात गेले वर्षभर एक गोष्ट सांगितली जाते. साखरपुडा असो, बारसे असो, कोणाचे तेरावे असो, जेवणे आटोपून पाने उचलली गेली की माझा धाकटा भाऊ खुर्ची पुढे ओढतो आणि सुरू करतो, "आमच्या दादाने गेल्या मे महिन्यात चार डझन हापूस खाटेखाली सडवले, आणि स्वतः त्याच खाटेवर बसून मजेत पोहे खात होता!" मंडळी हसतात. माझा जावई पुढची ओळ म्हणतो, की त्याला दारातच ओकारी आली. ओकारी आली हे खरे आहे. उरलेले सारे खोटे आहे, आणि जो ते सांगतो त्याला ते खोटे असल्याचे पक्के ठाऊक आहे. या प्रकाराची मला किळस येते. मी जन्मभर एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काम केले. चुकीचा मजकूर समोर आला की तो तसाच पुढे जाऊ देणे माझ्या हातून होत नाही. म्हणून हा खरा मजकूर लिहून ठेवतो आहे, त्यातली माझ्या विरुद्ध जाणारी वाक्ये न गाळता.

मी जोगेश्वरी पूर्वेला एकटा राहतो. वडील गिरणीत होते; ते ज्या चाळीत राहिले ती पाडून तिच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर मला दोन खोल्या मिळाल्या. पत्नी जाऊन सहा वर्षे झाली. मुलगी मुलुंडला असते, धाकटा भाऊ बोरिवलीला. पत्नी गेल्यापासून या दोघांचे एकच टुमणे आहे, की मी मुलुंडला मुलीकडे जाऊन राहावे. मुलगी हे काळजीने म्हणते. भाऊ सल्ला देण्याची हौस म्हणून म्हणतो. मला माझे घर सोडायचे नाही. या सगळ्या प्रकरणात पणाला लागले होते ते एवढेच, आणि माझ्या दृष्टीने ते थोडे नव्हते.

मुंबईचा उन्हाळा आनंदाचा असतो असे लिहिणाऱ्यांनी मे महिन्यातला एक आठवडा आमच्या इमारतीत काढावा. समोरच्या भूखंडावर तेवीस मजल्यांचे काम चालू आहे. खिडकी उघडावी तर सिमेंट, मिटावी तर भट्टी. कबुतरांनी सज्जाचा उकिरडा केलेला असतो. पाण्याचा टँकर आला की खाली भांडणे जुंपतात. शनिवारी मी पंखे पुसतो, गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात टाकतो आणि काठीने झोडतो. त्यातून निघणारी धूळ पाहिली की आपण वर्षभर कशावर झोपत होतो या विचाराने अंगावर शहारे येतात. आणि रविवारी नातेवाईक येतात. पूर्वी ते दोन दिवस राहत, कैऱ्या किसत, पापड वाळत घालत. आता दुपारी बाराला येतात, चप्पल काढण्याआधी एसी नसल्याबद्दल हळहळतात, सोबत आणलेला चिकट केक टेबलावर ठेवतात आणि आमरसात आइस्क्रीम घालून मागतात. हापूसच्या रसात आइस्क्रीम! मी ते एकदा चमचाभर चाखले. लहान मुलाला औषध पाजताना साखर घालतात तसली काहीतरी चव होती.

तरीही मे महिन्यातला एक रविवार मी वर्षभर जपून ठेवतो. तो माझ्या आढीचा.

गावाहून, आमच्या चुलतभावाकडून, दरवर्षी कच्च्या हापूसची एक मोठी लाकडी पेटी येते. ती उघडून आंबे खाटेखाली भाताच्या पेंढ्यात पिकत घालायचे, याला आमच्याकडे आढी घालणे म्हणतात. बाजारात पावडरीवर दोन दिवसांत पिवळी केलेली फळे मिळतात; ती ज्यांना आवडतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, त्यांच्याबरोबर जेवतही नाही. आढीला दहा-बारा दिवस लागतात. देठ खाली करून आंबे मांडायचे, एकाला दुसरा टेकू द्यायचा नाही, वर पेंढा, त्यावर गोणपाट. चौथ्या दिवसापासून रोज हात घालून अंदाज घ्यायचा. आणि एक नियम माझ्या वडिलांचा, जो मी कधी मोडला नाही: पेटीच्या बुडाशी जो पेंढ्याचा दाबून बसलेला थर असतो तो विसकटायचा नाही. तो सपाट चकतीसारखा अलगद उचलून तसाच खाटेखाली सरकवायचा, म्हणजे आढीला पक्की बैठक मिळते.

गेल्या वर्षी मी तसेच केले. नवव्या दिवशी, शुक्रवारी, पहिले दहा आंबे तयार झाले. देठाशी अंगठा किंचित आत जात होता, रंग केशरावर आला होता. रविवारचे आमंत्रण मी फोनवरून पक्के केले.

शनिवारी गाद्या झोडून खाली येत होतो तेव्हा समोरच्या घरातल्या बाईंनी जिन्यातच अडवले. तोंडावर पदर होता.

"काका, तुमच्याकडे काही मेलंय का हो?"

"माझ्याकडे? का?"

"वास मारतोय ना! कालपासून. ग्रुपवर पण टाकलंय मी. उंदीरबिंदीर बघा जरा कोपऱ्यात."

"नाल्याचा असेल," मी म्हणालो. "उन्हाळ्यात नाला असाच असतो."

"नाला पलीकडे आहे, काका. वास तुमच्या दाराकडून येतोय."

मी त्यांना सांगितले की माझे घर मी स्वतः रोज पुसतो, आणि दार लावून घेतले.

आता ज्या वाक्याबद्दल मी वर बोललो ते इथे लिहावे लागते. मला वास येत नाही. गेल्या वर्षीच्या त्या उन्हाळ्याच्या दोन वर्षे आधी मला साथीचा ताप आला. ताप गेला, तोंडाची चव हळूहळू परतली, वास परतला नाही. फिनेल, अगरबत्ती, तळलेला बांगडा, माझे स्वतःचे घामट बनियन, सारे एकसारखे, म्हणजे काहीच नाही. मी हे कोणालाही सांगितले नव्हते. ज्याला वास येत नाही असा म्हातारा एकटा राहतो, हे वाक्य एकदा घरात उच्चारले गेले की त्याच्या पुढचे वाक्य मुलुंडला जाणाऱ्या टेम्पोचे असणार, हे मला कळत होते. म्हणून आंबा हातात घेतला की मी तो सवयीने नाकाशी नेई, डोळे मिटून "हं" म्हणे, आणि खरा निकाल अंगठ्याने देई. निकाल कधी चुकला नाही. पण ते "हं" लबाडीचे होते.

रविवारी सकाळी मी आंघोळ करून देवापुढे निरांजन लावत होतो. मुलीकडे घराची किल्ली असते. दार उघडल्याचा आवाज आला आणि त्यापाठोपाठ तिची किंकाळी.

"बाबा! काडी विझवा! विझवा आधी!"

मी काडी विझवली. ती चपलांसकट आत धावली, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला, सगळ्या खिडक्या उघडल्या.

"गॅस लीक झालाय, बाबा! जिन्यापर्यंत येतोय वास! आणि तुम्ही काडी ओढताय?"

जावई दारातच थबकला होता. त्याने रुमालाने नाक दाबले, भिंतीला टेकला आणि त्याला खरोखरच ओकारी आली. तो कसाबसा म्हणाला, "अगं, हा गॅस नाहीये. हे... हे काहीतरी सडलंय. खाटेखाली बघ." मग त्याने आत येऊन, वाकून गोणपाट उचलले आणि दोन पावले मागे उडी मारली. "आंबे! बाबा, सगळी वाट लागलीय आंब्यांची!"

"काहीही बोलू नका," मी म्हणालो. "परवाच हाताळलेत मी. एकालाही डाग नाही."

"बाबा, प्लीज, तुम्ही बाहेर बसा," मुलगी म्हणाली. एरवी मी ऐकले नसते. पण तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि काडी माझ्या हातात होती हे मीही विसरलो नव्हतो. समोरच्या बाईंनी खुर्ची दिली. तिच्यावर मी पॅसेजमध्ये बसलो, आपल्याच घराबाहेर, सोवळे नेसलेला, आणि आत जावई काय करतो आहे ते मला दिसले नाही. दिसले तेव्हा तो तीन काळ्या पिशव्या दोन्ही हातांनी अंगापासून लांब धरून जिना उतरत होता. त्याने आढी झाडूने ओढली होती. आंबे, पेंढा, गोणपाट, सगळे एकत्र. एक आंबासुद्धा उचलून पाहण्याची तसदी न घेता.

मी त्याच्या मागे खाली गेलो. फाटकाजवळ आमच्या सोसायटीचे ओल्या कचऱ्याचे पिंप असते. मे महिन्यात त्याच्याजवळून कुत्रीसुद्धा तोंड फिरवून जातात. माश्यांचा थर, कलिंगडाच्या साली, मासळीची खवले, आदल्या दिवशीचे कोणाचे तरी सांडलेले वरण. त्यावर माझ्या पिशव्या. मी त्या बाहेर काढल्या, गाठी सोडल्या आणि दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले.

"आजोबा, नका! ओ आजोबा!" वॉचमन ओरडला आणि खुर्ची घेऊन फाटकाबाहेर गेला.

मी एकेक आंबा काढून फरशीवर मांडत गेलो. केशरी, टणक, स्वच्छ. काही झाडूने चेपले होते, त्याची जबाबदारी माझी नाही. अठ्ठेचाळीस आंबे काढले आणि सडका एकही नव्हता. मग हाताला काहीतरी बुळबुळीत लागले. पेंढ्याची ती सपाट चकती मी ओढून काढली, उलटी केली, आणि तिच्या पोटातून कवचे घरंगळली. अंडी. गावठी कोंबडीची सहा अंडी, पेंढ्यातच नीट गुंडाळून बसवलेली. दोन फुटली होती. त्यातून काळपट हिरवा द्रव निघाला होता आणि तो पेंढ्यात मुरून त्याचा लगदा झाला होता. आत वळवळणारे काही होते. ते पाहून मला मळमळले, पण केवळ पाहून. मी ते कवच बोटांत धरून निरखत होतो, आणि भोवती दहा पावलांत एकही माणूस नव्हता.

नेमक्या त्याच वेळी माझा भाऊ रिक्षातून उतरला. त्याने आधी मला पाहिले, मग नाक दाबले, मग माझ्या हातातले कवच पाहिले.

"आयला, अंडी!" तो म्हणाला. "अरे हां रे, दादा, गावाहून त्याचा फोन आलेला ना मला, पेटी पाठवली तेव्हा. म्हणाला, 'पेटयेच्या बुडाक पेंढ्यात अंडी ठेवलंय, दादाक सांग, सांभाळून काढ.' साफ डोक्यातून गेलं बघ माझ्या!"

आमच्या गावी आंब्याच्या पेटीत अंडी घालून पाठवायची जुनी रीत आहे; पेंढ्यात ती फुटत नाहीत आणि वेगळी पिशवी लागत नाही. पण अशी पेटी येणार असेल तर निरोप आधी द्यायचा असतो, आणि तो दिलाही गेला होता. तो माझ्यापर्यंत आला नाही. हे माझ्या भावाने फाटकापाशी, भर दुपारी, वॉचमनच्या आणि माझ्या जावयाच्या समक्ष कबूल केले. "साफ डोक्यातून गेलं." हे त्याचे शब्द. आज तो जी गोष्ट सांगतो तीत अंडी नाहीत, फोन नाही, तो स्वतःही नाही. फक्त मी आहे आणि सडके हापूस.

मी त्या दोघांना आंबे दाखवले. "बघा. हे सडलेत? हा? की हा?" जावई मान हलवत राहिला. मी जिंकलो होतो. मी आंबे पंच्यात बांधून वर आणले, टेबलावर ठेवले आणि मुलीला सगळी हकीकत सांगत खुर्चीवर बसलो. समोर बिस्किटे होती. मी एक उचलले. भाऊ आणि जावई एकदम खुर्च्या मागे सरकवून उभे राहिले.

मुलगी मात्र हलली नाही. ती माझ्या हाताकडे पाहत होती. नखांत, मनगटावर, पंच्याच्या काठावर तो काळा लगदा वाळला होता, आणि मी त्याच हाताने बिस्किट तोंडाशी नेले होते.

तिने ते बिस्किट काढून घेतले, मला बेसिनपाशी नेले आणि माझे हात स्वतः धुतले. तीन वेळा. बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, जसे मी ती लहान असताना तिचे धूत असे. बाहेर दोघे पंखा वाढवा म्हणून बोलत होते. तिने नळ चालूच ठेवला आणि हळू आवाजात विचारले,

"बाबा, कधीपासून येत नाही वास?"

मी म्हणालो, "येतो."

"बाबा."

"कमी येतो."

तिने साबण पुन्हा लावला.

"तापापासून," मी म्हणालो.

फाटकापाशी मी जो खटला जिंकलो होतो त्यानेच मला इथे आणून बसवले. आंबे सडके असते तर मी निष्काळजी ठरलो असतो, एवढेच. आंबे चांगले होते, अंडी कुजली होती, ती तीन दिवस माझ्याखाली वास मारत होती आणि सारी इमारत नाक दाबून चालत असताना मी त्यावर बसून पोहे खाल्ले होते. पोह्यांपुरते माझ्या भावाचे खरे आहे. तो प्रसंग आठवला की आजही मला स्वतःच्या तोंडाची शिसारी येते.

नळ चालू असतानाच आमचा करार झाला. मुलुंडचा विषय ती काढणार नाही. मी गॅस सोडायचा. चार दिवसांत सिलिंडर परत गेला, त्या जागी विजेची शेगडी आली. तिच्यावर भाकरी कातड्यासारखी होते, पण मी ती खातो. आणि बाकीच्या नातेवाइकांना काय सांगायचे ते ती बघेल.

तिने सांगितले ते हेच. आंबे सडले होते. बाबांना कळत होते, पण आढी मोडवत नव्हती. हट्टी आहेत हो बाबा. अंड्यांचे नाव काढले तर कोणीतरी विचारणारच, मग वास कसा आला नाही, म्हणून तिने अंडीच काढून टाकली. माझ्या भावाचे तर आयतेच फावले. म्हणजे ज्या गोष्टीवर मी वर्षभर दात-ओठ खात होतो तिची पहिली प्रत माझ्याच मुलीच्या हातची होती, आणि ती माझ्यासाठी लिहिलेली होती. हे मला पुष्कळ उशिरा, दिवाळीच्या सुमारास कळले. कळल्यावर कृतज्ञता वाटायला हवी होती. थोडी वाटलीही. पण मी आढी सडवली असे माझ्या नावापुढे लागलेले मला सोसत नाही. नाक गेले हे दुखणे आहे. ते कोणालाही होते. चार डझन हापूस सडवणे हा नालायकपणा आहे.

या वर्षी पुन्हा पेटी आली. बुडाचा थर मी पिंजून काढला, वडिलांचा नियम मोडून. आंबे उत्तम झाले आणि ते घेऊन मी मुलुंडला गेलो. तिथे मुलीच्या सासूबाई आल्या होत्या, भाऊही होता. परात मध्ये ठेवल्याबरोबर त्याने सुरुवात केली.

"घ्या, विहीणबाई, पण आधी वास घेऊन बघा हां! दादाच्या आढीतले आहेत. गेल्या वर्षी काय झालं माहितेय का..."

"मी सांगतो काय झालं," मी म्हणालो, आणि सांगितले. अंडी, फोन, कोणाच्या डोक्यातून काय साफ गेले ते. विहीणबाईंनी हातातली फोड परत ठेवली आणि विचारायचे तेच विचारले. "पण मग तुम्हाला वास नाही आला?"

"नाही. मला वास येतच नाही. तीन वर्षे झाली."

मुलीने सुरी खाली ठेवली. भावाचा चेहरा उजळला.

"अरे, मग तू एकटा कशाला राहतोस रे, दादा? काय हा येडेपणा! उद्या आग लागली तर?"

"धूर दिसतो मला. डोळे आहेत."

"सगळी चेष्टा वाटते तुला. ए, ऐकतेस ना गो? याचं सामान हलवायचं बघा आता."

मुलगी उठून आत गेली; मी मागोमाग गेलो तर स्वयंपाकघरात ती माझ्याकडे पाठ करून उभी होती. "वर्षभर मी कोणासाठी खोटं बोलले, बाबा?"

"माझ्यासाठी."

"मग? एवढं काय अडलं होतं?"

"आंबे चांगले होते," मी म्हणालो.

ती फिरली. रागावलेली होती, डोळे भरलेले होते, आणि तरी तोंडाचा एक कोपरा हलला. "तुमच्याशी ना, बोलण्यात अर्थ नाही. गॅस नाही म्हणून आत्ता मी गप्प आहे. काका रोज फोन करतील, ते तुम्ही निस्तरा."

भावाचा फोन मंगळवारी आला. म्हातारपणावर, हट्टावर, लेकीच्या जिवाला घोर लावण्यावर तो बराच वेळ बोलला. मी सगळे ऐकून घेतले. मग म्हणालो, ज्या ज्या घरात तू सडक्या आंब्यांची गोष्ट सांगितलीस त्या प्रत्येक घरी जाऊन आधी अंड्यांच्या फोनची गोष्ट सांगून ये. बोरिवलीपासून सुरू कर, घाटकोपरला आत्याकडे संपव. सगळी घरे झाली की मी कुठे राहायचे यावर आपण बसून बोलू.

त्याने अजून एकाही घरी सांगितलेले नाही. मी जोगेश्वरीतच आहे.